रिद्धपूरच्या म्हाताऱ्या आणि मराठीचा ग्रंथ

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत पलसाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण देताना चिटणीसांनी मला विषय दिला तो ‘मध्ययुगातील प्रभावी स्त्रिया’ हा. विषय ऐसपैस आहे. राजमाता जिजाबाईंपासून अहिल्याबाईंपर्यंत आणि मुक्ताबाईपासून बहिणाबाईपर्यंत नुसती नावे घेत गेलो तरी तास सहज भरेल, आणि नावे सगळ्यांच्या परिचयाची असल्यामुळे श्रोतेही समाधानाने घरी जातील. परंतु शंभर वर्षे ग्रंथांची देवघेव करणाऱ्या संस्थेत उभे राहून केवळ नामावळी वाचावी हे मला पटले नाही. म्हणून मी एकच प्रश्न हाती घेतला आहे. प्रभाव म्हणजे नेमके काय, आणि तो कोणाच्या खाती मांडायचा? एका बाजूला सरदारघराण्यांतील आणि राजवाड्यांतील स्त्रिया आहेत. दुसऱ्या बाजूला मठांतून, पंथांतून वावरलेल्या, बहुधा विधवा, बहुधा निष्कांचन अशा स्त्रिया आहेत. यांपैकी कोणामुळे काय टिकले, एवढेच मला आज पाहायचे आहे.

आरंभ आपल्या भूमीपासून करतो. पलसाणा हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला तालुका. सोनगड, व्यारा, महुवा, कामरेज हे सारे तालुके त्याच प्रांतातले. गायकवाडांचे नाव या भागात रुजले ते सोनगडच्या किल्ल्यामुळे. पिलाजीराव गायकवाडांनी १७१९ मध्ये तो घेतला, ही गोष्ट इथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पिलाजीराव मात्र त्या वेळी स्वतंत्र नव्हते. ते तळेगावच्या सेनापती दाभाड्यांचे सरदार होते. गुजरातेतील मराठी अंमलाचा मूळ हक्क दाभाड्यांचा, आणि या दाभाड्यांच्या घराण्याचा कारभार ज्यांनी जवळजवळ वीस वर्षे सांभाळला त्या उमाबाई दाभाडे. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात एखाद्या सरदार स्त्रीची सत्ता शोधायची तर त्यांच्यापाशीच थांबावे लागते.

उमाबाई अभोण्याच्या ठोके देशमुखांची कन्या. सप्तशृंगीच्या गडावर देवीच्या मंदिरापर्यंत चारशेहून अधिक पायऱ्या त्यांनी इ.स. १७१० च्या सुमारास बांधविल्या. १७३१ च्या एप्रिल महिन्यात डभईजवळच्या लढाईत त्यांचा मुलगा सेनापती त्रिंबकराव बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना मारला गेला. पुढच्याच वर्षी जोधपूरच्या अभयसिंहाने डाकोर येथे पिलाजीरावांना दग्याने मारविले. घरचा कर्ता मुलगा गेलेला, गुजरातेतील मुख्य सरदार गेलेला, दुसरा मुलगा यशवंतराव लहान. अशा वेळी उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेल्या आणि चौथाईचा हक्क मान्य करवून परतल्या. शाहू महाराजांनी सेनापतिपद यशवंतरावाच्या नावे दिले, पण शिक्का कोणाच्या हाती होता हे सर्वांना माहीत होते. पुढे १७५०-५१ मध्ये ताराबाईंच्या बाजूने त्या पेशव्यांच्या विरुद्ध उभ्या राहिल्या, दमाजीराव गायकवाडांचा पराभव झाला, दाभाडे कुटुंब कैदेत पडले आणि १७५३ मध्ये पुण्यात उमाबाईंचा अंत झाला. त्यानंतर दाभाड्यांचे नाव गुजरातेतून पुसले गेले आणि गायकवाडांचे राहिले.

या बाईंविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्यांची सत्ता मुलाच्या नावाने चालली. मुलगा कर्तृत्ववान निघाला नाही आणि शत्रू वरचढ ठरला, तेव्हा ती सत्ता ओंजळीतल्या पाण्यासारखी निसटली. आज उरल्या आहेत त्या गडाच्या पायऱ्या. राजस्त्रियांच्या प्रभावाचे हे जवळपास सर्वत्र दिसणारे रूप आहे. तो पदराला बांधून मिळतो, आणि पदर सुटला की जातो.

आता आपण पाचशे वर्षे मागे जाऊ. फार दूर जायला नको. ताप्ती ओलांडून उत्तरेला नर्मदेच्या काठी भडोचपर्यंत जायचे आहे, म्हणजे इथून अर्ध्या दिवसाचाही प्रवास नाही. महानुभाव पंथाच्या परंपरेनुसार श्रीचक्रधरस्वामी हे भडोचच्या विशाळदेव प्रधानाचे पुत्र हरपाळदेव. म्हणजे, आजच्या भाषेत, ते गुजराती. मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ ज्यांच्या आठवणींनी भरलेला आहे ते भडोचचे राहणारे होते, हे गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाने कधी विसरू नये. आपण इकडे आलो त्याच्या कितीतरी आधी इथला एक पुरुष तिकडे गेला होता आणि मराठी होऊन राहिला होता.

हरपाळदेवांच्या गृहत्यागाची जी कथा सांगितली जाते तीत एक स्त्री आहे. हरपाळदेवांना द्यूताचा नाद होता. एकदा ते हरले आणि पैसे चुकते करण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेपाशी तिचे दागिने मागितले. तिने दिले नाहीत. येथून त्यांचे मन संसारातून उडाले असे कथा म्हणते. वर्गात मी ही कथा सांगतो तेव्हा मुले कमळाइसेला दोष देतात आणि मुली गप्प राहतात. माझ्या मते तिने योग्यच केले. जुगारासाठी दागिने का द्यावेत? आणि तिने ते दिले असते तर मराठी गद्याचा जन्म कदाचित लांबला असता.

रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून निघालेले हरपाळदेव वऱ्हाडात रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंपाशी पोहोचले आणि चक्रधर झाले. पुढे पैठणापासून त्यांच्याभोवती जो परिवार जमला त्यात स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी आहे. बाइसा, महदाइसा, नागदेवाची आई आबाइसा आणि बहीण उमाइसा, साधें, लखाइसा. नावांच्या शेवटचा तो ‘आइसा’ म्हणजे आदराने जोडलेले ‘आई’पण. यांतल्या बहुतेक जणी वयाने उतरलेल्या, वैधव्य आलेल्या, घरात कोपऱ्यात बसण्याची ज्यांच्याकडून अपेक्षा होती अशा. त्या घर सोडून निघाल्या, भिक्षा मागू लागल्या, गावोगाव चालू लागल्या. संन्यासाचा अधिकार स्त्रीला आहे, मोक्षाचा तर आहेच, हे स्वामींनी त्यांना सांगितले. विटाळाविषयी त्यांना विचारले गेले तेव्हा, देहातून इतर जे स्राव होतात तसाच हाही एक, त्याने माणूस अपवित्र होत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आजही हे उत्तर आपल्यापैकी किती घरांत चालेल, याचा प्रत्येकाने स्वतःशी विचार करावा.

येथे भाबडेपणा नको म्हणून लगेच सांगतो की, त्याच पंथाच्या आचारसूत्रांत पुरुष संन्याशाला स्त्रीचे चित्रदेखील पाहू नये अशी सक्त ताकीद आहे. स्त्रीला जवळ घेणारा आणि स्त्रीला भिणारा असे दोन्ही सूर त्या ग्रंथांत आहेत. स्वामींना पुढे राजदरबारी आणि धर्मसभेपुढे जो छळ सोसावा लागला त्याच्या आरोपांतही त्यांच्यामागे स्त्रिया लागतात हा एक होता. म्हणजे या बायकांचे असणे हेच संकट मानले गेले होते.

या परिवारातील महदाइसा ऊर्फ महदंबा हिचे नाव आपणा सर्वांना माहीत आहे. ‘आद्य मराठी कवयित्री’ म्हणून तिच्यावर दोन गुणांची टीप विचारली जाते. तीस वर्षे मी ती टीप लिहून घेतली. तिचे आयुष्य दोन गुणांच्या टिपेत मावणारे नाही. मूळ नाव रूपाइसा. नागदेवाच्या नात्यातली. आधी ती रामदेव ऊर्फ दादोस यांच्या शिष्यपरिवारात होती, नंतर चक्रधरांकडे आली. ‘लीळाचरित्रा’त ती सतत एकच काम करताना दिसते, ते म्हणजे प्रश्न विचारणे. देवतांविषयी, तीर्थांविषयी, स्थानांविषयी, साध्या आचाराविषयी ती विचारत राहते. उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारते. स्वामी कधी हसतात, कधी रागे भरल्यासारखे करतात, पण ही म्हातारी चौकस आहे, हिला जाणून घ्यायचे असते, अशी प्रशस्तीही तेच देतात. ज्या काळी स्त्रीने शास्त्राविषयी प्रश्न विचारणे म्हणजेच आगळीक होती त्या काळी गुरूच्या तोंडून मिळालेले हे प्रमाणपत्र आहे. विद्यापीठाची पदवी मिरवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा हेवा वाटतो.

तिचे ‘धवळे’ रचले गेले त्याची हकीकत गोड आहे. स्वामी निघून गेल्यानंतर परिवार रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेला राहिला. प्रभू लहरी, बालकासारखे. एके दिवशी त्यांनी लग्नाचा छंद घेतला. भक्तांनी तोही पुरविला, हळद, मांडव, सारे केले, आणि वराने महदाइसेला लग्नाची गाणी म्हणायला सांगितले. तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तेथल्या तेथे रचले आणि गायिले. मराठीतले पहिले आख्यानकाव्य म्हणून आपण ज्याचा गौरव करतो ते बायकांच्या लग्नगीताच्या चालीवर, एका म्हाताऱ्या साधूचा हट्ट पुरविण्यासाठी, एका विधवेने रचले आहे. आणि विधवेला लग्नमांडवात गाणे म्हणायला सांगणे ही गोष्टही किरकोळ समजू नये.

परंतु मला जे मुख्य सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे. स्वामी गेल्यावर म्हाइंभटाने त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. तो स्वतः विद्वान, शास्त्रार्थ करणारा. पण आठवणी होत्या त्या सोबत राहिलेल्यांपाशी, आणि सोबत राहिलेल्यांत या बायका होत्या. स्वामी कोणत्या ओसरीवर बसले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, हे त्यांना ठाऊक होते. म्हाइंभट प्रत्येकाकडे गेला, ज्याने जे पाहिले ते त्याच्याकडून ऐकले, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतले, आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. ‘ज्ञानेश्वरी’च्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. ग्रंथावर म्हाइंभटाचे नाव आहे आणि ते असावेच. तरी त्याच्या पाना-पानावर या आइसांचा श्वास आहे. पुढे आक्रमणांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. तेव्हा ज्यांच्या मुखोद्गत पाठांवरून ती पुन्हा उभी केली गेली त्यांत हिराइसा ही एक होती, अशी पंथाची परंपरा आहे.

आता तो प्रसंग. स्वामींच्या वचनांतून ‘सूत्रपाठ’ आणि ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध करणारे केशिराज ऊर्फ केसोबास हे संस्कृतचे पंडित. त्यांना स्वामींचे चरित्र आणि विचार संस्कृतात आणण्याची हौस होती, आणि ती स्वाभाविकही होती. विद्वानांत मान्यता हवी तर संस्कृतच हवे. काशीला, कांचीला पोहोचायचे तर संस्कृतच हवे. नागदेवाचार्यांनी त्यांना अडविले. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात ही आठवण नोंदलेली आहे. आचार्यांनी दिलेले कारण तत्त्वज्ञानाचे नव्हते, भाषाभिमानाचेही नव्हते. तसे केले तर माझ्या म्हाताऱ्या लुबाडल्या जातील, असा त्या उत्तराचा भाव आहे. ‘माझ्या म्हाताऱ्या’ हा आपलेपणा पाहा, आणि लुबाडले जाणे हा अर्थ पाहा. त्यांना समजणार नाही, एवढेच आचार्य म्हणत नाहीत. जे त्यांच्या मालकीचे आहे ते त्यांच्याकडून हिरावले जाईल, असे म्हणतात. दुसऱ्या एका प्रसंगी संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्यांना त्यांनी, मला स्वामींनी मराठीत शिकविले, तुम्हीही मराठीतच विचारा, असे बजावले.

मराठी ही धर्मभाषा, ग्रंथभाषा का झाली याची उत्तरे आम्ही प्राध्यापक मंडळी नाना प्रकारे देतो. यादवांचा राजाश्रय, देशी भाषांचा उदय, भक्तीची चळवळ, वगैरे. ही उत्तरे खोटी नाहीत. पण या एका पंथाच्या बाबतीत कारण नावानिशी सांगता येते. कोणा राजाच्या आज्ञेने नव्हे, तर निरक्षर असलेल्या किंवा संस्कृत न येणाऱ्या मूठभर वृद्ध स्त्रिया समोर बसल्या होत्या म्हणून. त्यांनी मागणी केली नव्हती. अर्ज दिला नव्हता. त्या फक्त तिथे होत्या, आणि त्यांच्या असण्याची एका माणसाने दखल घेतली.

त्याच काळी देवगिरीच्या राजवाड्यात काय चालले होते? रामदेवराव यादवाची राणी कामाइसा महानुभाव पंथाकडे वळली होती. साम्राज्य तिच्या नवऱ्याचे. सत्ता, संपत्ती, दासदासी कशाची वाण नव्हती. पंथाची शिकवण सतीच्या विरुद्ध. परंतु रामदेवरावाच्या निधनानंतर तिला तिच्या इच्छेविरुद्ध सती जावे लागले, असे पंथाच्या आठवणी सांगतात. राणीला आपला देहसुद्धा आपल्या धर्माप्रमाणे राखता आला नाही. भिक्षेची झोळी घेतलेली महदाइसा मात्र आपल्या पायांनी हवे तिथे चालत होती. मी यावर भाष्य करीत नाही.

आता थोडे दूर जाऊ. रिद्धपूरची ही पिढी मावळत होती त्या सुमारास, इ.स. १३०३ मध्ये, पार उत्तरेला स्वीडन देशात बिर्गित्ता नावाची मुलगी जन्मली. हे नाव इथे का, असे वाटेल. मला ही बाई भेटली ती महदाइसेमुळेच, कारण दोघींच्या कथांत एक विलक्षण साम्य आणि तितकाच विलक्षण फरक आहे. बिर्गित्ता गरीब नव्हती. तिचा पिता बिर्गेर पेर्सोन हा उप्लांड प्रांताचा मुख्य कायदेपंडित आणि देशातील बड्या सरदारांपैकी एक. तेरा-चौदा वर्षांची असताना तिचे लग्न झाले, आठ मुले झाली, काही काळ ती राणीच्या दरबारात मानाच्या जागी होती. १३४४ मध्ये नवरा वारला आणि तिच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. तिला ईश्वरी साक्षात्कार होऊ लागले, आणि त्या साक्षात्कारांच्या बळावर तिने राजाला, सरदारांना आणि खुद्द पोपलाही खडे बोल सुनावले. राजा माग्नुसने १३४६ मध्ये व्हादस्तेना येथील आपली मिळकत तिच्या नियोजित मठासाठी दिली. नंतर ती रोमला गेली, जेरुसलेमची यात्रा केली आणि १३७३ मध्ये रोममध्येच वारली. १३९१ मध्ये तिला संतपद मिळाले.

तिच्या मठाची रचना पाहण्यासारखी आहे. साठ जोगिणी आणि पंचवीस पुरुष, दोघांची राहण्याची ठिकाणे वेगळी, आणि मठाच्या व्यवहाराचा अधिकार मठाधिपती स्त्रीकडे. आपल्याकडे समर्थांच्या परंपरेत वेणाबाईंनी मिरजेचा मठ चालविला आणि १६८२ मध्ये समर्थ गेल्यानंतर अक्काबाईंनी दिवाकर गोसाव्यांच्या बरोबरीने सज्जनगडाचा कारभार पाहिला, त्याची आठवण व्हावी. जोगिणींना स्वतःची संपत्ती ठेवण्यास बंदी होती. पण बिर्गित्तेच्या नियमांत एक सवलत होती, ती इथे बसलेल्या प्रत्येकाला आवडेल. अभ्यासासाठी लागतील तितके ग्रंथ त्यांना ठेवता येत. पुढे व्हादस्तेनाचा ग्रंथसंग्रह त्या सबंध भूभागातील मोठ्या संग्रहांत गणला गेला.

फरक आहे तो भाषेचा. बिर्गित्ता स्वीडिश बोलत असे, स्वीडिशमध्ये आपले साक्षात्कार सांगत किंवा लिहीत असे. तिच्याजवळच्या धर्मगुरूंनी ते लॅटिनमध्ये नेले, कारण रोमला पोहोचायचे तर लॅटिनच हवे. तिथे नागदेवाचार्य कोणी नव्हता. तिची वाणी युरोपभर गेली, पण तिच्या भाषेत नव्हे. तिच्या स्वतःच्या हातचे स्वीडिशमधले जे थोडे कागद वाचले आहेत ते स्टॉकहोमच्या राजग्रंथालयात जपून ठेवले आहेत. परंतु गोष्ट इथे संपत नाही. व्हादस्तेनाच्या मठात ज्या जोगिणी होत्या त्यांपैकी अनेकींना लॅटिन येत नव्हते. आपल्याच संस्थापिकेची वचने त्यांना कळेनात. तेव्हा ती लॅटिनमधून पुन्हा स्वीडिशमध्ये आणावी लागली. त्यांच्यासाठी धर्मग्रंथ, संतकथा, प्रवचने यांची भाषांतरे त्या मठात होत राहिली, आणि जुन्या स्वीडिश गद्याचे ते एक माहेरघर झाले. सरदारकन्येचा प्रभाव पोपपर्यंत पोहोचला. तिच्या देशाची भाषा मात्र समृद्ध झाली ती लॅटिन न येणाऱ्या तिच्या मठातल्या बायकांमुळे. रिद्धपूर आणि व्हादस्तेना यांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते.

आपल्याकडच्या कथेला एक दुःखद उत्तरार्ध आहे, तो लपवू नये. म्हाताऱ्यांसाठी मराठीत राखलेला हा ग्रंथ पुढे पंथाने सांकेतिक लिप्यांत बंद केला. छळाच्या भीतीने म्हणा, पावित्र्याच्या कल्पनेने म्हणा, पण जवळजवळ सहा शतके तो पंथाबाहेरच्या मराठी माणसाला अज्ञात राहिला. विसाव्या शतकात त्या लिप्यांचा उलगडा झाला आणि ह. ना. नेने यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्रा’चे भाग छापायला आरंभ केला. म्हणजे आपले ग्रंथालय सुरू झाले तेव्हा मराठीतला हा पहिला गद्यग्रंथ त्याच्या कपाटात असणे शक्यच नव्हते. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा जुन्या ग्रंथांच्या यादीत ‘लीळाचरित्रा’चे नाव आदराने घेतले गेले. म्हाताऱ्यांचे नाव कोणी घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

कुलूपबंद ग्रंथाचा हा विषय निघाला म्हणून या संस्थेच्या आरंभकाळाविषयी दोन शब्द. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध संस्थानात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डेन यांना बोलावून गावोगाव ग्रंथालये उभारण्याची योजना हाती घेतली. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे ग्रंथांच्या पेट्या फिरत असत. शिकविलेली बाई पुढे काय वाचणार, हा प्रश्न शिक्षण सक्तीचे करणाऱ्या राजाला पडला होता. आपण ज्या छताखाली बसलो आहोत ते त्या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

आता मला एक कबुली द्यायची आहे. तिच्यावाचून आजचे बोलणे अप्रामाणिक ठरेल. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी ग्रंथनिवडीच्या कामात होतो. कपाटांत जागा नव्हती आणि समीक्षेचे, संशोधनाचे ग्रंथ घ्यावेत असा माझा आग्रह होता. जागा करण्यासाठी मी एक यादी केली. व्रतकथांच्या पोथ्या, पाकपुस्तके, चुरगळलेल्या पानांच्या कौटुंबिक कादंबऱ्या, जुने दिवाळी अंक. शेरा मारला, ‘जीर्ण, वाङ्मयीन मूल्य नाही.’ यादी मंजूर झाली. दुसऱ्या आठवड्यात एक वृद्ध सभासद बाई देवघेवीच्या टेबलापाशी उभ्या होत्या. सूनबाई गुजराती, नातवंडे इंग्रजी शाळेतली, घरात मराठी अक्षर म्हणजे त्यांच्या हातातले पुस्तक तेवढे. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी शांतपणे विचारले, ‘‘सर, तुमची पुस्तकं चांगलीच असणार. पण मग आम्ही काय वाचायचं?’’ मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, यावरूनच ते किती पोकळ होते हे कळते. त्या दिवशी सकाळीच मी वर्गात नागदेवाचार्यांचा प्रसंग शिकवून आलो होतो. आचार्यांच्या बाजूने आवेशाने बोललो होतो. आणि दुपारी केसोबासाचे काम करीत होतो. तेही केसोबासाच्या विद्वत्तेवाचून.

यादीतली निम्मी पुस्तके तोवर रद्दीत गेली होती. उरलेली परत कपाटात ठेवली. त्या बाई पुढे दोनेक वर्षे येत राहिल्या, माझ्याशी कधी कटुतेने बोलल्या नाहीत.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी गेल्या महिन्यात मी आपल्याच ग्रंथालयातून ‘लीळाचरित्र’ मागितले. मला वाटले होते, ही प्रत माझ्याशिवाय कोणी उघडली नसेल. ग्रंथपाल म्हणाले, ‘‘बाहेर गेली आहे, सर. आठवड्याने मिळेल.’’ मी चकित झालो. चौकशी केली तेव्हा कळले की, कडोदऱ्याला कापडाच्या कारखान्याजवळ राहणाऱ्या, मूळच्या खानदेशातल्या एक बाई ती दरवर्षी नेतात. घरचे महानुभाव पंथाचे. पुस्तक घेताना चपला बाहेर काढतात, टेबलापाशी ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात, पुस्तक पदरात गुंडाळून नेतात. त्या स्वतः सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. संध्याकाळी चाळीतल्या बायका जमतात, त्यांत काहींना वाचता येत नाही, आणि या त्यांना वाचून दाखवितात. जुनी मराठी कळते का, असे मी विचारले. ग्रंथपालांनी सांगितले की, मीही तेच विचारले होते. त्यावर बाई म्हणाल्या, ‘‘आमच्या अहिराणीत यातले किती शब्द अजून बोलतात, तुम्हाला कळत नसतील.’’

मी आठवडाभर थांबलो. पुस्तक परत आले तेव्हा महदाइसेच्या प्रश्नांच्या पानांत एक लग्नपत्रिकेचा तुकडा खुणेसाठी ठेवलेला होता. तो मी तसाच राहू दिला आहे.